कॉमन फोल्डर आणि काकांचं नाव

ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा ओढून बाहेर काढला, ही माझी पहिली चूक. त्या दिवसापासून आमच्याकडे जे जे विजेवर चालतं ते सगळं माझ्या गळ्यात पडलं. माझं खरं काम कागदपत्रांचं. न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या कंटेनरचे कागद तयार करायचे, कस्टममध्ये भरायचे आणि तिकडून काही विचारणा आली की उत्तर द्यायचं. पनवेलला जुन्या हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचं हे क्लिअरिंग एजंटचं ऑफिस. सहा कॉम्प्युटर, शेठचा एक लॅपटॉप आणि खाली ट्रेलर वळायला लागला की हलणारी टेबलं.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ‘कॉमन’ नावाचा एक फोल्डर होता आणि तो सगळ्यांना आपापल्या टेबलावरून दिसायचा. नुसता दिसला असता तर माझी काहीच तक्रार नव्हती. पण तिथे कुणीही यावं, काहीही उघडावं, बदलावं, पुसावं, अशी सगळी मुभा. धर्मशाळेतसुद्धा वहीत नाव लिहून घेतात, इथे तेही नव्हतं. सगळे एकाच नावाने आत जायचे आणि त्या नावाचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला असायचा. वर्ष बदललं की नव्या कॅलेंडरवर तो कुणीतरी न सांगता लिहून ठेवायचं. या ऑफिसात न सांगता होणारं तेवढं एकच काम.

त्यात आमची एक खास सवय. आमच्याकडे नवी फाईल कुणी बनवत नाही. एखाद्या पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, नवा माल आला की त्याच पार्टीची मागच्या महिन्याची फाईल उघडायची, तारीख बदलायची, कंटेनर नंबर बदलायचा, वजन बदलायचं आणि सेव्ह करायचं. वेगळ्या नावाने सेव्ह करायला एक क्लिक जास्त लागतं. ते एक क्लिक वाचवण्यासाठी ही माणसं मागच्या महिन्याचा माल पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसा करतात. मी कानीकपाळी ओरडत होते, आधी नाव बदला, मग हात लावा. सगळे मान हलवायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि एक दिवस व्हायचं ते झालं. मशीनचे सुटे भाग मागवणाऱ्या एका पार्टीच्या जुन्या मालाबद्दल कस्टमने विचारणा केली. आम्ही फाईल उघडली तर नाव मशीनच्या पार्टीचं आणि आत फरशा. कुणीतरी घाईत ती फाईल नमुना म्हणून उघडली होती आणि तिच्यावरच दुसऱ्या पार्टीच्या फरशा सेव्ह केल्या होत्या. आम्ही मुळात काय भरलं होतं ते जुळवून काढण्यात चार दिवस गेले आणि त्या पार्टीचा पुढचा कंटेनर तेवढे दिवस यार्डात उभा राहिला. पार्टीने शेठना फोनवर जे ऐकवलं ते काचेच्या दरवाजातून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

शेठनी बाहेर येऊन विचारलं, हे कुणी केलं. सगळे एकाच नावाने आत जात असल्यामुळे कुणीच केलं नव्हतं. मग त्यांनी सोपा हिशेब केला. ती पार्टी काका बघतात, म्हणजे काकांनीच केलं.

काका म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने. खाडीकडच्या गावचे, शेठच्या वडिलांच्या वेळेपासून इथे. निम्मा दिवस यार्डात, निम्मा दिवस टेबलावर. मी नवी आले तेव्हा कुठला कागद कशाच्या आधी लागतो, कुठल्या खिडकीवर कुणाशी कसं बोलायचं, हे सगळं मला त्यांनी शिकवलं, आणि शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही. हा गुण माझ्यात उतरलेला नाही, ते माझ्या हाताखाली शिकलेल्यांना विचारावं. शेठनी नाव घेतलं तेव्हा काका एवढंच म्हणाले की, मला आठवत तर नाही, पण सांगता येत नाही.

मला त्याचा भयंकर राग आला. सांगता येत नाही म्हणजे काय? जे केलं नाही ते केलं नाही म्हणावं की. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना जिन्यात गाठलं आणि तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. भाऊ आधी चष्मा विसरायचा, मग बाजारातून घरी यायची वाट विसरला आणि आता बायकोला ताई म्हणतो. त्याचं हे सुरू झालं तेव्हा तो काकांच्या आत्ताच्या वयाचा होता. काकांनी सहा महिन्यांपासून खिशात एक छोटी वही ठेवली होती. गॅस बंद केला, लिहायचं. पंपाचं बटण बंद केलं, लिहायचं. रात्री झोपण्यापूर्वी ती वही त्यांची बायको तपासायची.

“बाय, फरशांचं मी केलं असंल तर मला ते आठवाया पायजे होतं,” ते म्हणाले. “तेच आठवत नाय, त्याची भीती हाय.”

नोकरीची भीती असती तर मी काहीतरी बोलू शकले असते. ही भीती निराळी होती आणि तिच्यासमोर माझी सगळी चिडचिड फुकट होती. त्यांना हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी खात्रीने सांगावं हे तू केलंस किंवा हे तू केलं नाहीस. आणि आमचा कॉमन फोल्डर नेमकं तेवढंच सांगू शकत नव्हता.

मी शेठकडे गेले. म्हटलं, पंधरा दिवस द्या, प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड देते. कुणी काय बघायचं आणि कुणी काय बदलायचं ते ठरवू. पूर्ण झालेल्या फाईलींचा वेगळा फोल्डर करू, तो सगळ्यांनी फक्त बघायचा, बदलायचा नाही. आणि कुणी काय उघडलं, काय सेव्ह केलं याची नोंद कॉम्प्युटर आपोआप ठेवेल. शेठ म्हणाले की आपण सगळे घरचेच, घरात कुणी कपाटांना कुलपं लावतं का. मी म्हटलं, आमच्या घरी लावतात. त्यांनी माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं, पण हो म्हणाले.

मग खारघरहून एका हार्डवेअरवाल्याला बोलावलं. तो कळंबोलीपर्यंत पोचलोय असं तीन दिवस फोनवर सांगत होता. चौथ्या दिवशी आला, सगळ्यांची नावं तयार केली, नोंदीचं कसं बघायचं ते मला पाच मिनिटांत दाखवलं आणि गेला. पुढचं सगळं मी केलं. म्हणजे अकाउंट्सवाल्या बाईंना पासवर्ड म्हणजे काय ते समजावलं, त्यांनी तो ठेवला, दुसऱ्या दिवशी विसरल्या, पुन्हा ठेवला आणि मग तो कॅलेंडरवर लिहिला. मी कॅलेंडर उतरवून माझ्या कपाटात ठेवलं तर तिथीसाठी सगळे माझ्याकडे यायला लागले.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. आमच्याकडे कुणी पासवर्ड मागितला आणि आपण दिला नाही तर समोरचा दुखावतो. माझ्यावर विश्वास नाही का, असा त्याचा चेहरा होतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच या टेबलावरून त्या टेबलाला पासवर्ड ओरडून सांगितले जाऊ लागले, मिठाची डबी पुढे करावी तसे. मी दोनदा सगळ्यांचे बदलले. तिसऱ्यांदा बदलायला गेले तेव्हा अकाउंट्सवाल्या बाई म्हणाल्या की तुमच्यापेक्षा माझी सासू बरी.

शेठनी तर पासवर्ड टाकायलाच नकार दिला. माझ्याच ऑफिसात मी पासवर्ड टाकू? मी समजूत काढली की एकदाच टाकायचा, लॅपटॉप लक्षात ठेवेल. त्यांना मी सगळं बघण्याची परवानगी दिली, बदलण्याची दिली नाही. मालकाने बघावं, बदलणाऱ्यांनी बदलावं. हे मी त्यांना नीट सांगितलं आणि ते ठीक आहे म्हणाले, पण तेव्हा ते फोनवर दुसऱ्याशी बोलत होते.

पूर्ण झालेल्या फाईलींत फेरफार करायची परवानगी मी फक्त एकाला दिली, काकांना. कस्टमची विचारणा आली की दुरुस्ती तेच करत, म्हणून. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. फरशांच्या प्रकारानंतर ऑफिसात सगळे त्यांच्याशी जरा मोठ्याने, सावकाश बोलायला लागले होते, आजारी माणसाशी बोलतात तसं. मला दाखवून द्यायचं होतं की अख्ख्या ऑफिसात या फाईलींना हात लावायच्या लायकीचा हाच एक माणूस आहे. मीच हट्टाने ते केलं.

तीन आठवडे बरे गेले. चौथ्या आठवड्यात एका रसायनवाल्या पार्टीची पूर्ण झालेली फाईल बिघडलेली सापडली. तीच जुनी तऱ्हा. पार्टीचं नाव बदललेलं, दोन ओळी पुसलेल्या आणि त्याच फाईलवर सेव्ह. या वेळी मी घाबरले नाही, खरं सांगायचं तर मला आनंद झाला. आता कळेल, असं मी मनात म्हटलंसुद्धा. मी नोंद उघडली. त्या फाईलच्या पुढे काकांचं नाव होतं.

मी ते दोनदा वाचलं. शेठनी तोपर्यंत केबिनमधून विचारलंच होतं, मॅडम, काय निघालं. नोंदीत प्रत्येक ओळीला नऊ-दहा रकाने असतात, आकडे, चिन्हं, काय काय. शेठना समजावं म्हणून मी त्यातले दोन ठेवले, फाईल आणि नाव, बाकीचे काढून टाकले आणि तो स्वच्छ कागद छापून त्यांच्या टेबलावर ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेठनी काकांना आत बोलावलं. दरवाजा बंद होता, पण काच तीच होती. शेठ वाईट बोलले नाहीत. ते म्हणाले की आता तर कॉम्प्युटरच सांगतोय, तुम्ही पुष्कळ केलंत, या महिनाअखेरीपासून घरी आराम करा.

काकांनी वाद घातला नाही. बाहेर आले, टेबलावर बसले आणि खिशातून ती वही काढून तिच्यात काहीतरी लिहिलं. मला वाटतं मी तेव्हा उठून त्यांच्याकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. मला त्यांचा राग आला होता, हे मी आता लाज सोडून सांगते. एवढं रान उठवलं मी तुमच्यासाठी आणि तुम्ही तेच केलंत, असा तो राग होता.

आठवडाभर ते आपल्या कामांची यादी करत होते. कोणती पार्टी केव्हा फोन करते, कोणाला पहाटे माल लागतो, कोण शब्दाला पक्का आणि कोण नाही. रोज दोन-तीन पानं माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. शुक्रवारी पानं देताना म्हणाले की उद्या अर्ध्या दिवसाची सुट्टी हवी. नवीन पनवेलला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, बायको सोबत येणार आहे. आणि मग, अगदी सहज, जाता जाता म्हणाले की बरं झालं तुम्ही ते नोंदीचं बसवलं, नाहीतर मला कळलंच नसतं.

ते आपल्या टेबलाकडे वळले. त्यांना आठवावं तरी, निदान अमुक वेळी अमुक कारणाने उघडली होती एवढं तरी मी त्यांना सांगावं, म्हणून मी पुन्हा नोंद उघडली. या वेळी सगळ्या रकान्यांसकट.

मागच्या आठवड्यातला बुधवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. त्या बुधवारी बारा वाजता काका न्हावा शेवाच्या यार्डात होते. कंटेनरचा सील नंबर विचारायला त्यांनी मला तिथून दोनदा फोन केला होता आणि मी दुसऱ्या वेळी खेकसले होते, म्हणून मला पक्कं आठवत होतं. मग मी पुढचा रकाना पाहिला. कुठल्या कॉम्प्युटरवरून, तो रकाना. तिथला नंबर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा नव्हता, काकांच्या टेबलाचाही नव्हता. तो शेठच्या लॅपटॉपचा होता.

मी तो पूर्ण कागद छापून केबिनमध्ये गेले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. शेठनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. बुधवारी एका नव्या पार्टीला नमुना पाठवायचा होता, ते म्हणाले. मी फक्त नाव बदललं.

“फक्त नाव बदललं,” मी म्हटलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी हे मी शाळेत लिहिलं होतं, वाक्यात उपयोग करा म्हणून. पण इथे चोर माझ्यासमोर फिरत्या खुर्चीत बसला होता, त्याला आपण चोर आहोत याचा पत्ताच नव्हता आणि संन्याशाला फाशीवर चढवायचा कागद मी स्वतः, दोन रकान्यांत, सुबक छापून दिला होता. शेठनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले की काकांना सांगा, महिनाअखेरीचं वगैरे काही नाही, पूर्वीसारखं चालू दे. मी म्हटलं, तुम्ही सांगा. ते म्हणाले, मी सांगेनच, आता पार्टी यायची आहे, तोवर तुम्ही सांगा. काय बोलावं अशा माणसाला? मी दरवाजा जरा जोरात लावला, तेवढंच माझ्या हातात होतं.

काका टेबलाशी यादीचं शेवटचं पान लिहीत होते. मी खुर्ची ओढून बसले आणि कागद त्यांच्यासमोर धरला. वेळ दाखवली, लॅपटॉपचा नंबर दाखवला, शेठ काय म्हणाले ते सांगितलं. तुमची नोकरी आहे तशी आहे, हेही सांगितलं. त्यांनी नोकरीचं ऐकलंच नसावं.

“म्हंजे मी इसरलो नाय?” ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही काका, तुम्ही तिथे नव्हताच. पण तुमच्या नावाने शेठच्या लॅपटॉपवर कुणी शिरलं कसं, तेवढं मला कळत नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सांगायला लागले. सोमवार होता, त्याच्या मागचा सोमवार. तुम्ही आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं, त्यांची फाईल सेव्ह होत नव्हती, तुमच्या नावाने ओरडत होते. मला म्हणाले, तुमचा पासवर्ड टाका. शेठनी मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? मी टाकला. खाली एक चौकोन होता, लक्षात ठेवा असं लिहिलेलं, त्याच्यात शेठनी स्वतःच क्लिक केलं. त्यांच्या शर्टाला खिशापाशी शाई लागली होती. टेबलावर अर्धा वडापाव होता, वर लाल चटणी. आणि बाहेर त्याच वेळी लाइट गेली आणि लगेच आली.

ते बोलायचे थांबले आणि माझ्याकडे पाहत राहिले. मला त्यांना पासवर्डवरून चार गोष्टी सुनवायच्या होत्या, महिनाभर घसा कोरडा केला होता मी त्याच्यासाठी. त्याऐवजी मी तो कागद घडी करून त्यांच्या यादीखाली सरकवला.

त्यांनी मोबाइल काढून घरी फोन लावला. अगं, ते मी केलंच नव्हतं, एवढंच म्हणाले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. काकूंना मी कधी भेटले नव्हते. मी त्यांना सांगितलं की यांचं काही चुकलेलं नाही, चूक माझी होती, मी कागदावरचे रकाने काढले होते. त्यांना रकान्यांचं काही कळलं नसेल. त्या म्हणाल्या, “पन यांना आठवतंय ना सगलं?” मी म्हटलं, शेठच्या शर्टावर शाई कुठे लागली होती तेसुद्धा आठवतंय. मग त्यांनी विचारलं की उद्याची डॉक्टरची वेळ आहे, ती नको म्हणून कळवू का.

मी काकांकडे पाहिलं. ते खिशातल्या त्या छोट्या वहीची पानं फाडत होते, एकेक, आणि घडी करून टेबलाखालच्या टोपलीत टाकत होते.

म्हटलं, कळवा.